क्लचबाई आणि बिनक्लचची गाडी

क्लचबाईंचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर दिराच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. सव्वीस वर्षांत डॉक्टर, भाजीवाले, लग्न ठरलेल्या मुली, निवृत्त हवालदार असे शेकडो लोक त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकले. ते सगळे त्यांना तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे क्लचबाई. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

कारण बाईंच्या मते गाडी चालवणं म्हणजे क्लच. स्टिअरिंग काय, कुणीही फिरवतं. ब्रेक तर घाबरलेल्या माणसाला शिकवावाच लागत नाही. माणसाची पारख होते ती डाव्या पायाने. पाण्याच्या टाकीमागे एक चढाचा रस्ता होता. त्याच्या मध्यावर हँडब्रेक लावून गाडी उभी करायला सांगत, मग बाई खाली उतरत, मागच्या चाकाला टेकवून एक काडेपेटी ठेवत आणि परत जागेवर येऊन बसत. "आता निघा," एवढंच म्हणत. गाडी तसूभर मागे आली की काडेपेटीचा चुरा. बाई अवाक्षर न काढता उतरत आणि नवी ठेवत. ते न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त लागे. घामाघूम झालेला शिकाऊ आरशात बाईंचं वाकणं बघत राही आणि त्याच्या पायाला आणखी कापरं भरे.

महिनाभरात ज्याची एकही काडेपेटी शाबूत राहिली नाही, त्याला बाई शेवटच्या दिवशी शांतपणे सांगत, की हे तुमचं काम नाही. हजेरीच्या वहीत त्या नावापुढे लाल फुली पडे. बाईंना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नसे. उलट रस्त्यावरच्या लोकांवर आपण उपकार केला, असंच वाटे.

पहिली फुली त्यांच्या नवऱ्याच्या नावापुढे होती. ते घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारा माणूस, पण क्लच सोडताना गाडीला बेडकासारख्या उड्या मारायला लावी. तिसऱ्या दिवशी दोघांनी न बोलता ठरवून टाकलं, की संसार एकत्र करायचा आणि गाडीत एकाने मागे बसायचं. तेव्हापासून घड्याळजी मागे बसून वर्तमानपत्र वाचत आणि सुखात होते.

स्कूल दिराचं. दीर उत्साही माणूस, आणि त्याच्या उत्साहाची झळ बहुतेक वेळा बाईंनाच लागे. एकदा सगळे एकत्र जेवायला बसले असताना त्याने जाहीर केलं, की दोन पेट्रोल गाड्यांपैकी एक काढून टाकायची आणि इलेक्ट्रिक घ्यायची. मग जेवणं बाजूला राहिली. दिराचं म्हणणं असं, की आपली गाडी दिवसभरात गावातल्या गावात साठ-सत्तर किलोमीटर फिरते, ती पण दहा पावलं चाल आणि थांब अशी. पेट्रोल गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. रात्रभर ती आवारात नुसती उभी असते, तिथेच चार्ज होईल. शिवाय शिकाऊ लोक क्लचप्लेट जाळतात, ती दर पाच महिन्यांनी बदलावी लागते, ते झंझट कायमचं मिटेल.

बाईंनी विचारलं, की वाटेत बॅटरी संपली तर काय करायचं? पेट्रोल संपलं तर पंपावरून डबा भरून आणता येतो. वीज काय बादलीतून आणायची? दुसरं म्हणजे बिनक्लचच्या गाडीवर परीक्षा दिली, की परवान्यावर तसा शिक्का बसतो. घरी बापाची पेट्रोल गाडी उभी आहे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचंय, आणि मुलगी म्हणणार, मला ही चालवायची परवानगी नाही. असला अर्धा परवाना घेऊन लोकांनी करायचं काय?

"भाऊजी, हे वाहन नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "हा मिक्सर आहे. बटण दाबलं की फिरतो."

त्यावर जाऊबाई म्हणाल्या, की मिक्सरबद्दल आपली काही तक्रार नाही. तिथे वाद संपला.

गाडी आली. पांढरी, गुळगुळीत आणि मुकी. सव्वीस वर्षं स्कूलच्या क्लचप्लेटवर ज्याचं गॅरेज चाललं, तो शेजारचा गॅरेजवाला मुद्दाम बघायला आला. त्याने बॉनेट उघडलं, आत एक झाकण लावलेलं खोकं आणि दोन-तीन जाड नारिंगी वायरी बघितल्या, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तसं हलक्या हाताने बॉनेट लावून टाकलं.

पहिल्या दिवशी बाईंची फार पंचाईत झाली. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा पेडल असतात. जुन्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन्ही होते, हिच्यात नुसता ब्रेक. समोर सायकल आडवी आली की बाईंचा डावा पाय सवयीने खाली जाई आणि चटईवर धप्पकन आपटे. दुपारपर्यंत एवढे धप्पे झाले, की शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही रागावलात का माझ्यावर?

रागावल्या होत्याच, पण तिच्यावर नाही. ज्या गोष्टीला महिना लागायचा ती आठ दिवसांत होऊ लागली. गाडी बंद पडत नाही, झटके देत नाही. बाई चढावर काडेपेटी ठेवत, आणि गाडी आपली आपणच थांबून राही, मागे येण्याचं नाव नाही. एकच काडेपेटी पंधरा दिवस पुरली. नंतर ती जाऊबाईंनी नेली आणि तिच्यातल्या काड्यांनी गॅस पेटवला. शिकणाऱ्यांना आरसे बघायला, लोकांचा अंदाज घ्यायला वेळ मिळायला लागला, आणि बाईंना बोलण्यासारखं काही उरलं नाही. मांडीवर हात ठेवून त्या पाहुण्यासारख्या बसून राहत.

एक गोष्ट मात्र त्यांनी दिरापासून लपवली होती. बाईंचा डावा गुडघा गेली सहा वर्षं दुखत होता. दुसऱ्यांचे क्लच सव्वीस वर्षं दाबून दाबून तो झिजला होता. नव्या गाडीवर महिना झाला आणि एका संध्याकाळी घड्याळजींनी पाहिलं, की बायको कठड्याला न धरता जिना चढून आली. त्यांनी काही विचारायच्या आत बाईंनी सांगून टाकलं, की हवा बदलली आहे, त्यामुळे असेल. घड्याळजींनी मान डोलावली. त्यांच्या धंद्यात चावीची घड्याळं जाऊन सेलची आली होती, तेव्हा त्यांनीही बरंच काही हवेवर ढकललं होतं.

अशात एक दिवस सिस्टर आल्या. मोठ्या दवाखान्यात तेहेतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या परिचारिका. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. तीन वर्षांपूर्वी त्या बाईंकडे महिनाभर शिकून गेल्या होत्या आणि त्यांच्या नावापुढे फुली होती. बाईंनी ओळखलं, थोड्या अवघडल्याही, पण सिस्टरनी जुनं काही काढलं नाही. बिनक्लचची गाडी आल्याचं कळलं, म्हणून आले, एवढंच म्हणाल्या.

सहा दिवसांत सिस्टर गाडी चालवायला लागल्या, आणि नुसत्या चालवायला नाही. बाईंनी आजवर बघितलेल्या हातांत तेवढे शांत हात पाच-सहाच असतील. गर्दीत सिस्टर कुणाच्या अंगावर जात नसत, कुणाला घाबरत नसत. पुढची रिक्षा कुठे वळणार हे रिक्षावाल्याच्या आधी त्यांना कळे. रोज तास संपल्यावर बाई थोडा वेळ गाडीतच बसून राहत. सुईला शीर न सापडणाऱ्या म्हाताऱ्यांना ज्या बाईने हजार वेळा सलाईन लावलं, तिला आपण हातांत कसब नाही म्हणून घरी पाठवलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. बाईंनी स्वतःची समजूत काढली, की दोष क्लचचा. पण क्लचला दोष द्यायची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि ते जरा जड गेलं.

परवाना हातात आला, त्या बिनक्लचच्या शिक्क्यासकट, आणि सिस्टरनी एक लहान जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्यांची मुलगी एकशेनव्वद किलोमीटरवर दुसऱ्या गावात राहत होती. पहिल्या खेपेला शेजारी बसाल का, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी एका पायावर होकार दिला. सिस्टरबद्दल त्यांना माया वाटायला लागली होती हे खरं, पण लांबच्या रस्त्यावर ही गाडी दगा देणार आणि ते आपण डोळ्यांनी बघणार, हेही तितकंच खरं होतं. निघताना बाईंनी डबा घेतला, पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री, आणि दिराला तोंडावर सांगायचं एक तयार वाक्य.

गाडीने बाईंना निराश केलं नाही. कागदावर दोनशे तीस किलोमीटर लिहिलं होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर, एसी चालू केल्यावर ते आकडे भराभर खाली यायला लागले. एकशेदहाव्या किलोमीटरला फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाबाहेर चार्जर होते. दोन होते, त्यातला एक बंद. दुसऱ्याला एक मोठी गाडी लावलेली, आणि तिचा मालक आत पलंग बघत होता. काचेतून तो स्पष्ट दिसत होता. एका गादीवर आडवा व्हायचा, छताकडे बघायचा, उठायचा, पुढच्या गादीवर जायचा. बायको दरवेळी मान हलवून नाही म्हणायची. समोरच्या पंपावर गाड्या येत होत्या आणि पाच मिनिटांत टाकी भरून जात होत्या. पंपावरच्या माणसाने तर एकदा हात करून या दोघींना विचारलंही, काही मदत हवी का म्हणून. बाईंना ओशाळल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. चाळीस मिनिटांनी नवरा-बायकोचं एका गादीवर एकमत झालं आणि चार्जर मोकळा झाला. पडद्यावर पुढचा अंदाज आला, एक तास वीस मिनिटं.

"सिस्टर, कंटाळला असाल तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाजात थोडा विजय होता.

सिस्टर वायरीकडे बघत होत्या. "मॅडम, मी तेहेतीस वर्षं सलाईनची बाटली संपायची वाट बघितली आहे. हे त्याच्या पुढे काहीच नाही. इथे तर कुणी कण्हतही नाही."

दोघींनी दुकानाच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. खाता खाता बाईंना वाटलं, की मनातलं बोलून टाकायला ही वेळ बरी आहे.

"तेव्हा मी तुम्हाला नको म्हणाले होते. ते क्लचमुळे झालं. हात तुमचे तेव्हाही चांगलेच होते."

सिस्टरनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही क्लचचं नाव घेतलं नव्हतं मॅडम. तुम्ही म्हणालात, काही माणसं मागच्या सीटसाठीच असतात."

बाईंना आधी आठवेना. मग आठवलं. ते वाक्य त्या सगळ्यांनाच म्हणत. समोरच्याला फार लागू नये, हसून विषय संपावा, म्हणून शोधून काढलेलं वाक्य होतं ते.

"मी ते गमतीत म्हणायचे."

"असेल." सिस्टर तापाचा आकडा वाचून दाखवावा तशा सुरात बोलत होत्या. "मी घरी जाऊन मागच्या सीटवर बसले. मुलीकडे जायचं तर जावई न्यायला येईल तेव्हा. तीन वर्षांत चार वेळा गेले."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाईंनी रिकामा डबा उचलून पिशवीत भरला.

एकशेनव्वद किलोमीटरला साडेसहा तास लागले. पेट्रोलची गाडी चहा पिऊनही चार तासांत पोचली असती. दिराच्या तोंडावर मारायला याहून भक्कम पुरावा मिळणार नव्हता. परत आल्यावर दिराने उत्सुकतेने विचारलं, कशी झाली सफर, कुठे अडचण आली का? बाई म्हणाल्या, "व्यवस्थित झाली," आणि आत निघून गेल्या.

त्या आठवड्यात बाईंनी कपाटातून हजेरीच्या जुन्या वह्या काढल्या आणि लाल फुल्या मोजल्या. सव्वीस वर्षांत एक्केचाळीस. त्यांच्या डोक्यात आता एक योजना होती. या लोकांना क्लचने अडवलं होतं, आता क्लच नाही. एकेकाला बोलवायचं आणि सिस्टरसारखं शिकवून मोकळं करायचं. म्हणजे त्या मिक्सरचाही उपयोग होईल. घड्याळजींनी दारातून विचारलं, "माझ्या नावापुढची फुलीही खोडणार की काय?"

"तुम्ही नका मध्ये येऊ. तुम्ही खरोखरच मागच्या सीटचे आहात."

"मी तर पहिल्यापासून तेच सांगत होतो," घड्याळजी म्हणाले आणि समाधानाने परत गेले.

बाई रोज दुपारी फोन करायला बसल्या. काहींचे नंबर बदलले होते, काही जण गाव सोडून गेले होते, दोघे वारले होते. एका वकिलाने सांगितलं, की आता ड्रायव्हर आहे, गरज नाही. मग त्यांनी बेकरीवाल्या बाईला फोन लावला. नऊ वर्षांपूर्वी तिच्या चाकाखाली बावीस काडेपेट्या गेल्या होत्या, हे बाईंना अजून आठवत होतं. बाईंनी नव्या गाडीचं सगळं सांगितलं. शिकणं किती सोपं झालं आहे, या एकदा. पलीकडून हसू आलं.

"अहो मॅडम, मी शिकले की केव्हाच. तुमच्याकडून गेल्यावर पंधरा दिवसांत. बाजारामागच्या स्कूलमध्ये."

"कुठल्या गाडीवर?"

"तुमच्यासारखीच होती. क्लचवाली." बेकरीवाली भट्टीच्या आवाजावरून जरा मोठ्याने बोलत होती. "पण ते सर म्हणायचे, येऊ दे थोडी मागे, मागे कोण आहे? मग येईनाच मागे. आता पावाचा टेम्पो मीच चालवते, पहाटेचा."

बाईंनी फोन ठेवला. पुढच्या चार दिवसांत त्यांचं सव्वीस जणांशी बोलणं झालं. त्यातले नऊ जण कधीचेच गाडी चालवत होते. नऊच्या नऊ पेट्रोलवर, क्लच दाबून. कुणी भावाकडून शिकलं होतं, कुणी शेजाऱ्याकडून. कुणाच्याही मनात राग नव्हता, उलट मॅडमनी आठवण ठेवली म्हणून सगळे खूश. क्लचला दोषी ठरवून बाईंना जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तो निर्दोष सुटला होता.

त्या दोन दिवस कामावर गेल्या नाहीत. दिराला कळवलं, गुडघा दुखतोय. दिराला वाटलं, नव्या गाडीवरचा राग असेल. त्याने निरोप पाठवला, की वहिनींना हवं तर आपण आवारात उभी असलेली जुनी पेट्रोल गाडी विकायचं पुढे ढकलू. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या. त्यांच्या फोनवरून चार जण शिकायला येऊन उभे होते, त्यांना काय सांगणार?

चारपैकी तिघे इलेक्ट्रिकवर महिन्याच्या आत तयार झाले. चौथे नकाशावाले. सदुसष्ट वय. सरकारी खात्यात आयुष्यभर रस्त्यांचे नकाशे काढले, मापं घेतली, वळणाचा कोन किती असावा ते ठरवलं, आणि त्यातल्या एकाही रस्त्यावरून कधी गाडी चालवली नाही. बाईंना वाटलं होतं, बिनक्लचची गाडी आहे, हे निघतील. पण नकाशावाल्यांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांतला फरक ऐन वेळी सुचत नसे. पेट्रोलच्या गाडीत घाबरून क्लच सुटला की ती एक आचका देते आणि बंद पडते. ही बंद पडत नव्हती. पाय चुकला की ती आवाजही न करता सुसाट निघे. एकदा तिने स्कूलचं फाटक आडवं केलं, एकदा शेजारच्या नर्सरीतल्या बावीस कुंड्या. ब्रेकवर बाईंचा पाय होता म्हणून तेवढ्यावर भागलं. नकाशावाले खाली उतरून कुंड्या उचलू लागले.

"मॅडम, खरं सांगा. माझ्याच्याने होणार नाही ना?"

बाईंच्या ओठांवर ते जुनं वाक्य अगदी तयार आलं. नकाशावाल्यांच्या बाबतीत ते बहुधा खरंही होतं. बाईंनी वाकून एक आडवी कुंडी सरळ केली.

"ही गाडी तुम्हाला थांबवत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरी घेऊ. ती बंद पडते."

दुसऱ्या दिवसापासून नकाशावाले जुन्या पेट्रोल गाडीवर आले. बाईंनी दिराला सांगून टाकलं, की ती विकायची नाही, आणि कारण विचारायचं नाही. दीर म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं, जुनं वहिनींच्या हातून सुटणार नाही. बाईंनी त्याला तसंच समजू दिलं. पहिल्या दिवशी गाडी एकोणतीस वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी नकाशावाले "माफ करा" म्हणत आणि बाई म्हणत, मागे कुणी नाही. मागे खरं तर दोन रिक्षा आणि एक दूधवाला हॉर्न वाजवत असायचे. बाईंचा डावा पाय दिवसभर क्लचवर असायचा, आणि महिन्याभरात जिना चढताना त्यांना पुन्हा कठडा धरावा लागला. गॅरेजवाल्याला नवी क्लचप्लेट बसवायचं काम मिळालं आणि तो बाईंशी पूर्वीपेक्षा जास्त अदबीने बोलायला लागला.

नकाशावाले परीक्षेला दोनदा बसले, दोनदा नापास झाले. तिसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे. ते पास होतील असं बाईंना वाटत नाही. पण परवा तिसऱ्या गिअरमध्ये सलग चारशे मीटर गेल्यावर ते म्हणाले, हा रस्ता मी कुणीतरी अठ्ठेचाळीस साली काढलेल्या जुन्या नकाशावरून मोठा केला होता, तेव्हा वाटलं नव्हतं इतका चढ असेल. बाईंनी गिअर उतरवायला सांगितलं. गाडी बंद पडली. नकाशावाल्यांनी चावी फिरवली आणि दोघं वाट बघत बसले, ती कधी चालू होते त्याची.